टू-डी प्लेटचं टेम्परेचर मायनस लाखात जातंय, कोड कुठे चुकतोय?

कल्याण_स्लो:
मंडळी वाचवा, सोमवारी सबमिशन आहे. पायथनमध्ये २० सेंमीच्या चौकोनी अ‍ॅल्युमिनियम प्लेटचं ट्रान्झियंट कंडक्शन (वेळेनुसार उष्णता कशी पसरते ते) लिहिलंय, साधी एक्सप्लिसिट मेथड, म्हणजे जुन्या टेम्परेचरवरून थेट पुढचं काढायचं, सुरुवातीला सगळी प्लेट ३० डिग्री, मग एक कड १०० आणि बाकी तिन्ही ३०च, ग्रिड ५ मिमी (दर ५ मिमीवर एक नोड, म्हणजे टेम्परेचर काढायचा बिंदू), टाइम स्टेप ०.१ सेकंद. सळईचा वन-डी कोड याच आकड्यांवर मस्त चालला होता म्हणून तोच वाढवला, तर आता आधी बुद्धिबळाच्या पटासारखे गरम-थंड चौकोन, मग आकडे लाखात आणि हजारेक स्टेपनंतर सगळं नॅन, म्हणजे आकडाच नाही. सूत्र तीनदा तपासलं, तेही ठाणे ते दादर उभ्याने, वहीत.

भट्टीवाला:
सूत्र बरोबर असेल रे, स्टेप मोठी आहे. फूरिए नंबर काढ, म्हणजे डिफ्युजिव्हिटी गुणिले टाइम स्टेप भागिले ग्रिडचा वर्ग. डिफ्युजिव्हिटी (धातूत उष्णता किती वेगाने पसरते ते) साधारण ०.००००९७ चौ.मी. प्रति सेकंद, गुणिले ०.१, भागिले ०.००५ चा वर्ग, आले ०.३९. वन-डीत ०.५ पर्यंत चालतं म्हणून सळई वाचली, टू-डीत मर्यादा ०.२५. नोडच्या स्वतःच्या जुन्या टेम्परेचरला १ वजा ४ फूरिए हा गुणक लागतो ना, तो मायनस झाला की नोड आत्ता जेवढा गरम तेवढा पुढच्या स्टेपला थंड होणार, असं कुठलं धातू वागतं? टाइम स्टेप ०.०६ सेकंद ठेव. आणि ग्रिड अर्धी केलीस तर स्टेप पाव करावी लागेल, ते विसरू नकोस.

विक्रोळीकर:
क्रँक-निकोल्सन टाक ना सरळ, त्यात सगळ्या नोडची समीकरणं एकदम सोडवतात, कितीही मोठी स्टेप घे, फुटत नाही.

भट्टीवाला:
फुटत नाही पण स्टेप फार मोठी झाली तर आकडे हेलकावतात. आणि सोमवारच्या सबमिशनला मॅट्रिक्स सोडवत कशाला बसवताय पोराला, दहा मिनिटांच्या रनला दहा हजार स्टेप, नमपायला (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) किरकोळ.

कल्याण_स्लो:
दादा ०.०६ ने चालला!! पण डावीकडे-उजवीकडे सारखं येत नाहीये, थोडं कलतंय.

विक्रोळीकर:
नवीन अ‍ॅरे = जुना अ‍ॅरे (टेम्परेचरच्या आकड्यांचा तक्ता) असं लिहिलंयस का? त्याने कॉपी होत नाही, दोन्ही नावं एकाच अ‍ॅरेला, मग लूपमध्ये शेजारचा नोड आधीच बदललेला मिळतो. डॉट कॉपी लाव, म्हणजे खरी वेगळी प्रत होईल.

कल्याण_स्लो:
तेच होतं 🤦 आता सारखं आलं. पण बरोबर आहे हे सरांना कसं दाखवू?

भट्टीवाला:
मधला नोड बघ. चारही कडा १०० केल्या असत्या तर मध्य शेवटी १०० झाला असता, म्हणजे ७० ची वाढ, त्यातला एका कडेचा वाटा पाव. ३० अधिक १७.५, ४७.५ यायला हवं.

कल्याण_स्लो:
४५.९ येतंय 😭

भट्टीवाला:
किती वेळाचा रन?

कल्याण_स्लो:
एक मिनिट

भट्टीवाला:
अरे मग तापू दे की अजून दोन मिनिटं.