मदत हवी आहे: कुत्र्याच्या मेंदूतील गाठ काढल्यानंतर एमआरआय कधी करावा?

आमच्या दहा वर्षांच्या गोल्डन रिट्रीव्हरच्या मेंदूच्या आवरणातील उजव्या बाजूची गाठ, म्हणजे मेनिन्जिओमा, शस्त्रक्रियेने काढली आहे. तो आता चालतो-फिरतो, पण ताटलीतल्या डाव्या अर्ध्यातले अन्न अजूनही तसेच सोडतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत एमआरआय केल्यास उरलेली गाठ ओळखणे सोपे जाते, कारण पुढे भरत आलेली जखमही गॅडोलिनियममुळे (एमआरआयच्या वेळी शिरेतून दिले जाणारे, गाठ उठून दिसण्यासाठीचे औषध) उजळ दिसू लागते. तो काळ मात्र टळला, कारण झटके आटोक्यात येईपर्यंत पुन्हा भूल देणे डॉक्टरांना योग्य वाटले नाही आणि ते मलाही पटले. रेडिएशनचा निर्णय आता या तपासणीवर अवलंबून असल्याने, अशा वेळी किती आठवडे थांबावे आणि एमआरआयऐवजी सीटी स्कॅनवर भागते का, हे अनुभवी पालकांनी किंवा पशुवैद्यकांनी कृपया सांगावे.