अनुभव धागा: 'तीस मार खान' तुम्हाला कधी आवडायला लागला?

मंडळी, २४ डिसेंबर २०१० ला हा पिक्चर आला तेव्हा समीक्षकांनी त्याची पार सालटी काढली होती. आधी दोन सुपरहिट देणाऱ्या फराह खानकडून हे काय, असा सगळा सूर. सुरुवातीला थेटरं भरली, मग गर्दी ओसरली ती ओसरलीच. आणि आता बघा, टीव्हीवर लागला की आमच्या घरात रिमोटला कोणी हात लावू देत नाही. माझं स्पष्ट मत आहे की तो चोरीचा पिक्चर म्हणून बघितला गेला आणि तिथेच घोळ झाला. ट्रेन कशी लुटली यात तसा दम नाहीच, खरी मजा आहे ती चोरीसाठी काढलेल्या खोट्या पिक्चरची. अक्षय कुमारचा तबरेज मिर्झा खान हा मनोज डे रामलन नावाचा डायरेक्टर बनून गावात येतो, स्वातंत्र्यलढ्यावर पिक्चर काढतोय म्हणून सांगतो आणि अख्खं गाव नटूनथटून ट्रेन लुटायला उभं राहतं! तुम्ही कोणाबरोबर बघितलात, कधी आवडला, सविस्तर लिहा.

धुळेकर: आम्ही धुळ्यातच बघितला, पहिल्या आठवड्यात. त्यातल्या गावाचं नाव धुलिया. ते नाव आलं आणि मागून कोणीतरी ओरडलं, "आमनं धुये शे रे!" मग नुसत्या शिट्ट्या. आता पिक्चरमधलं धुलिया म्हणजे एवढंसं खेडं आणि आमचं धुळं जिल्ह्याचं ठिकाण, तरी थेटरात कोणाला राग आला नाही, कारण ती गावातली माणसं मला तरी खुळी वाटत नाहीत, हौशी वाटतात, आणि हौस आमच्याकडे भरपूर.

रंगकर्मी: हा पिक्चर 'आफ्टर द फॉक्स' वरून घेतलाय, १९६६ चा, दिग्दर्शक व्हित्तोरियो डी सिका, हिरो पीटर सेलर्स. तिकडेही चोर डायरेक्टर बनतो, गावाला कामाला लावतो. म्हणजे मुळातच हा फार्स आहे हो. बबन प्रभूंचे फार्स बघून मोठे झालेल्या आपल्या लोकांना हे सांगायला नको, फार्समध्ये पात्रं खरी वाटतात का असं विचारायचं नसतं, वेग आणि टायमिंग बघायचं. समीक्षकांनी नेमका तोच प्रश्न विचारला. मी आमच्या ग्रुपच्या पोरांना अक्षय खन्नाचं काम मुद्दाम दाखवतो. त्याचा आतिश कपूर म्हणजे 'स्लमडॉग' हातचा गेला म्हणून ऑस्करच्या नावाने झुरणारा सुपरस्टार. शॉट संपला तरी याच्या चेहऱ्यावर शॉट चालूच. भुवई वर, मान किंचित तिरकी, आवाज एकदम खाली, आणि समोरचा आपल्याला गंडवतोय याचा पत्ताच नाही. तो एका क्षणालाही 'मी विनोद करतोय' असं दाखवत नाही. अतिशय अवघड काम आहे ते, करून बघा!

बीएस्सीवाली: आला तेव्हा मी बालवाडीत होते, त्यामुळे तो वाईट आहे हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही 😄 होस्टेलवर एकीच्या लॅपटॉपवर आठ-नऊ जणी दाटीवाटीने बसून बघतो, डायलॉग आधीच पाठ. २०२५ मध्ये 'छावा' त औरंगजेब बघून सगळे अक्षय खन्नाबद्दल बोलायला लागले तेव्हा आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज होता, आतिश कपूरला आत्ता ओळखलंत होय!

ठाण्याची आत्या: माझं मत जरा वेगळं. ते चिकटलेले जुळे भाऊ मला आजही बघवत नाहीत आणि कतरिनाला गाण्यांपलीकडे काही दिलेलंच नाही. 'शीला की जवानी' मात्र जबरदस्त, सुनिधी चौहानला गाण्यासाठी आणि फराहला नाचासाठी फिल्मफेअर मिळालं ते उगीच नाही. बाकी भाचरं जमली की बसते बघायला, हसतेही.

मालेगावकर: धुळ्यापासून आम्ही तासाभरावर, म्हणून लिहितोय. पिक्चरमध्ये जे खोटं खोटं चालतं ते आमच्याकडे खरंच चालायचं. नासिर शेख आणि त्यांच्या मंडळींनी 'शोले' ची मालेगावी आवृत्ती काढली, यंत्रमागावर काम करणारी माणसं त्यात ॲक्टर, ट्रॉली नाही तर सायकलवर कॅमेरा, क्रेन नाही तर बैलगाडी. माझा मामा अशाच एका शूटिंगला गर्दीत उभा राहायला एक पाळी बुडवून गेला होता, मजुरी गेली तरी घरी येऊन रात्रभर तेच सांगत होता. त्यामुळे 'तीस मार खान' मध्ये शेवटी गावात प्रीमियर होतो आणि लोक स्वतःला पडद्यावर बघतात तिथे आमच्या घरात सगळे गप्प बसून बघतात, मामा तर पुढे सरकून बसतो. लोकांना तो सीन पाचकळ वाटला असेल, आम्हाला नाही वाटला. धागाकर्ते म्हणतात ते बरोबर आहे, चोरीचा भाग पुढे ढकला वाटलं तर, पण शूटिंग सुरू झालं की तिथून एक मिनिटही सोडू नका, मागच्या गर्दीतल्या एकेका माणसाकडे बघा.