जुन्या वाड्याचं मोजमाप: गुण्यात (काटकोनात) नसलेली खोली कॅडमध्ये कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

बडोद्यात एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंगचं काम करतो. सध्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याची दुरुस्ती चालू आहे आणि तिथे माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे हा धागा काढतोय.

स्वयंपाकघर टेपने मोजलं तेव्हा समोरासमोरच्या भिंती बरोबर जुळल्या, ४२७० आणि ३०५० मिमी. म्हणून कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशा काढायच्या प्रोग्रॅममध्ये, ऑर्थो (रेषा फक्त आडव्या-उभ्या काढणारी सोय) चालू ठेवून सरळ काटकोनी चौकोन काढला. कर्णांची मापं वहीत लिहिलेली होती, ती पाहिलीच नाहीत. ओट्याचा ग्रॅनाइट त्या ड्रॉइंगवरून कापून आला आणि ६०० रुंदीच्या पाटीला कोपऱ्यात मागे १० मिमीची फट पडली. मिस्त्रीने गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून दाखवला. त्याची एक बाजू भिंतीला चिकटलेली, दुसरीच्या टोकाशी उजेड दिसत होता. घरातल्या काकू काही बोलल्या नाहीत, पण दगड त्यांच्या पैशाचा होता.

वही उघडली. कर्ण ५२९० आणि ५२०४. काटकोन असता तर दोन्ही ५२४७ च्या आसपास आले असते. खोली जेमतेम एक अंश तिरकी आहे. ३०५० च्या भिंतीत ते ५० मिमीच्या वर जातं. आता एक भिंत आधार धरून, तिच्या दोन टोकांवरून बाजूच्या आणि कर्णाच्या मापाची वर्तुळं टाकून उरलेले कोपरे पकडले. आकार बरोबर आला.

पण त्याच फाइलमध्ये त्याहून वाईट गोष्ट सापडली. घाईत रेष न हलवता डायमेन्शनचा आकडा हाताने बदललेला, एक-दोन नव्हे, बऱ्याच ठिकाणी. काही माझे, काही आधीच्या मुलाचे. डिमरीअसोक (हाताने बदललेला आकडा पुन्हा खऱ्या मापावर आणणारी कमांड) चालवून सगळे आकडे खऱ्या मापावर आणले, तर तुकड्यांची बेरीज आणि एकूण माप दोन-तीन ठिकाणी जुळेना. आकडा एक आणि रेष दुसरी, असं ड्रॉइंग साइटवर जायलाच नको, हे मला आता पक्कं पटलंय.

जाणकारांना विचारायचंय ते असं. इतकी तिरकी खोली तुम्ही आहे तशीच काढता, की चौकोन काढून बाजूला कर्ण लिहिता? आमचे सर म्हणतात, आहे तशी. मलाही तेच बरोबर वाटतं, पण मग नवी भिंत कशाशी समांतर धरायची? वाड्यात समांतर अशा दोन भिंती सापडणं कठीण.

दुसरं, जुन्या भिंतीची मापं प्लॅस्टरपासूनच मिळतात. नवी भिंत मात्र गवंड्याला विटेची हवी: ११५, आणि दोन्हीकडे १२-१२ प्लॅस्टर धरून १३९. सुताराला तयार पृष्ठाचं माप लागतं. एकाच प्लॅनवर दोन्ही द्यावीत, की चौकटींसाठी वेगळी शीट काढावी? आयएस ९६२ (१९८९), म्हणजे इमारतींच्या ड्रॉइंगचं भारतीय मानक, कुणी रोज वापरत असेल तर त्यांचा अनुभव जरूर लिहावा.

वरच्या मजल्याची मापं मंगळवारी घ्यायची आहेत. त्याआधी कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.