ताडोबा: हॉस्टेलच्या सात मैत्रिणी, कोणतं गेट आणि जिप्सीत कसं बसायचं?

पेठेतली_सुमी:
नागपूरच्या हॉस्टेलवरच्या आम्ही सात जणी यंदा साठीत शिरतोय. ठरवाठरवीचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. महाबळेश्वर, गोवा, केरळ असं सगळं ग्रुपवर येऊन गेलं आणि शेवटी ताडोब्यावर एकमत झालं, म्हणजे बाकीच्या भांडून दमल्या.

आता अडचणी. एकीच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. एक न्यूजर्सीहून येणार, तिला वाघ दिसलाच पाहिजे, कारण नातवाला सांगून ठेवलंय. एक झोपेतसुद्धा बोलते, तिला जंगलात गप्प कसं बसवायचं हा वेगळाच प्रश्न. आणि दोघींना फक्त गप्पा मारायच्यात. वाघ आला तर आला म्हणतात.

मोहर्ली घ्यावं की कोलारा? फेब्रुवारी की एप्रिल? रिसॉर्टवाले 'पॅकेज घ्या, सगळं आमच्यावर सोडा' म्हणताहेत, पण दर ऐकून मलाच पाठीचं दुखणं सुरू झालं. आणि सात जणी एका जिप्सीत मावतील का?

गवा_नव्हे_रेडा:
नाही मावणार. एका जिप्सीत सहाच पर्यटक घेतात, ड्रायव्हर आणि गाईड वेगळे. मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो, तारखा बघताना तेवढं लक्षात ठेवा. सफारी वन विभागाच्या संकेतस्थळावरून स्वतः बुक करा, रिसॉर्टकडून फक्त खोल्या आणि जेवण घ्या. शनिवार-रविवार टाळलात तर दरही कमी पडतात.

न्यूजर्सीवाल्यांचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर बुकिंग करतानाच तसं भरा. परदेशी पर्यटकांचे दर वेगळे आहेत आणि गेटवर तोच पासपोर्ट दाखवावा लागतो. सफारीत मोबाईल न्यायला बंदी आहे. नातवासाठी फोटो हवा असेल तर साधा कॅमेरा आणायला सांगा.

निवृत्त_बँकवाला:
वरचं सगळं बरोबर, पण खरी मेख दोन जिप्सींमध्ये आहे. आमची बँकेतली जुनी टोळी गेली होती. चौघे एका गाडीत, चौघे दुसरीत. पहिल्या संध्याकाळी एका गाडीला वाघीण दिसली, रस्त्यावरून चालत आली, बॉनेटपासून दोन हातांवर थांबली वगैरे. दुसऱ्या गाडीला मोर. रात्री जेवताना ती वाघीण दर पाच मिनिटांनी थोडी थोडी जवळ येत होती! मोरवाले ताटातल्या भातात बोट फिरवत बसले होते. तीस वर्षं एका काउंटरवर काढलेली माणसं, पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला वेगवेगळ्या टेबलांवर.

म्हणून सांगतो, प्रत्येक सफारीला जोड्या बदला. मात्र परवान्यावर नावं आणि ओळखपत्रं असतात, ऐन वेळी गेटवर अदलाबदल करता येत नाही. बुकिंग करतानाच कागदावर मांडणी करा: सकाळी कोण कोणाबरोबर, दुपारी कोण.

इरईकाठचा:
ताई, काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? मी चंद्रपूरचा, सांगतो.

नागपूरहून थेट गाडी करून येत असाल तर उमरेड-चिमूर रस्त्याने कोलारा जवळ पडते. चंद्रपूरला रेल्वेने उतरत असाल तर मोहर्ली. मले विचाराल तर मोहर्लीच. एका अंगाला इरई धरणाचं पाणी, आत तेलिया तलाव, आणि मुक्कामाले साध्या घरगुती खोल्यांपासून सगळं भेटते.

एप्रिलात पानगळ झाली असते, पाणवठ्यावर जनावर दिसते, हे खरं. पण चंद्रपूरचं ऊन पंचेचाळीसच्या वर जाते अन् दुपारची सफारी उघड्या गाडीत असते. साठीच्या बायांनी फेब्रुवारीच्या शेवटी यावं. पळस फुलला असते. पहाटे मात्र जिप्सीत दात वाजतात, शाल ठेवा.

पाठवाल्या ताईंना मागच्या सीटवर बसवू नका. ती चाकावर येते अन् उंचही असते, प्रत्येक खड्डा मणक्यात जाते. पुढच्या सीटवर बसवा, कमरेमागे उशी द्या. बफरचे, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातले, रस्ते जास्त खडबडीत, त्यांच्यासाठी कोअरच बरा.

अन् गाईडले एक सांगा, जामणीकडे घेऊन चल म्हणून. तिथं आधी गाव होतं, लोकांचं पुनर्वसन झालं, शेतांची जागा गवतानं घेतली. आता चितळांचे कळपच्या कळप चरत असतात. गाडी बंद करून निवांत बसा. कळपानं एकदम माना वर केल्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, अन् मागून सांबर ओरडलं, की बोलणाऱ्या ताई आपोआप चूप होतील. वाघ जवळ असला की ही जनावरं असा इशारा देतात. वानर उगाचच खाकरते, सांबर शक्यतो फुकट ओरडत नाही.

जेवणात बुफेचं पनीर सोडा. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर पाटोडीचा रस्सा, भरीत-भाकर करून देतात.

पेठेतली_सुमी:
इरईकाठचा, निवृत्त बँकवाला, मनापासून आभार! कागद घेऊन बसले. चार आणि तीन अशी विभागणी, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, बुधवार ते शुक्रवार, मोहर्ली. पाठवालीला पुढची सीट दिल्यावर उरलेल्या सगळ्यांच्या पाठी अचानक दुखायला लागल्यात. ते मी बघून घेईन.

बडबडीबरोबर बसायला मात्र कोणी तयार नाही. सांबर वेळेवर ओरडलं नाही तर?

इरईकाठचा:
गाईडच्या बरोबर मागं बसवा. अन् महिला गाईड भेटते का ते विचारा, ताडोब्यात आहेत. त्या बरोबर गप्प करतात.