थंडी खालूनही लागते
थंडीत तंबूत राहायला जाताना मुलांना जाड स्लीपिंग बॅग घेतली की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. बॅग चांगली हवीच, पण तेवढ्यानं भागत नाही. तिची ऊब भरणात अडकलेल्या हवेमुळे टिकते आणि अंगाखाली ते भरण दबून चपटं होतं, मग जमिनीचा गारवा अडवायला जवळजवळ काहीच उरत नाही. आमच्या पहिल्याच मुक्कामात धाकटी मध्यरात्री रडत उठली. वरून दोन पांघरुणं घातली तरी पाठ गारच. शेवटी सगळ्यांचे जास्तीचे कपडे तिच्याखाली पसरले, तेव्हा कुठे तिला झोप लागली. तेव्हापासून मी आधी मॅट, म्हणजे बॅगेखाली अंथरायची गादी, बघते. मॅटची ‘आर-व्हॅल्यू’, म्हणजे ती गारवा किती अडवते त्याचा आकडा, दिलेली असते. आकडा मोठा तितकी ती उबदार. उन्हाळ्यात १ ते २ पुरते, कडक गारठ्यात ४ च्या पुढची लागते. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते, त्यामुळे घरातली फोमची मॅट टाकून देऊ नका, ती नव्या मॅटखाली अंथरा. हवा भरायची साधी गादी मात्र कितीही जाड असली तरी थंडीत कामाची नाही.

आणि एक कळकळीची विनंती. ऊब हवी म्हणून तंबूत शेगडी, स्टोव्ह, अगदी विझत आलेले निखारेसुद्धा नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपेत काही कळतच नाही.