मदत हवी आहे: ब्रॅडिकायनिन या पेप्टाइडने एसीई या एन्झाइमची क्रिया आधी घटते, मग पूर्ववत होते

सशाच्या फुप्फुसातलं एसीई (अँजिओटेन्सिन-कन्व्हर्टिंग एन्झाइम), सबस्ट्रेट (एन्झाइम जो पदार्थ कापतं तो) हिप्पुरिल-हिस्टिडिल-ल्युसीन 5 मिलिमोलर, पोटॅशियम फॉस्फेट बफर 100 मिलिमोलर, पीएच 8.3, सोडियम क्लोराइड 300 मिलिमोलर, 37 अंश. हायड्रोक्लोरिक आम्लाने थांबवून, सबस्ट्रेट कापल्याने सुटलेलं हिप्पुरिक आम्ल इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये काढतो, 228 नॅनोमीटरला रीडिंग. 10 मायक्रोमोलर ब्रॅडिकायनिनने 5 मिनिटांना क्रिया बरीच घटते, 30 मिनिटांना जवळजवळ कंट्रोलइतकी. एन्झाइमसोबत आधी 15 मिनिटं ठेवलं तर घटच नाही. एएनपीने (हृदयातून स्रवणारं पेप्टाइड हार्मोन) तर कधीच फरक पडत नाही. पेप्टाइड खराब आहे का?

प्रतिसाद 1
पेप्टाइड ठीक आहे. ब्रॅडिकायनिन इनहिबिटर (एन्झाइमला रोखणारा पदार्थ) नव्हे, एसीईचं खाद्यच आहे. एन्झाइम त्याच्या कार्बॉक्सी टोकाचं फेनिलअ‍ॅलनिन-आर्जिनिन कापतं, मग सेरीन-प्रोलीन. तुमच्या सबस्ट्रेटचा केएम (एन्झाइम अर्ध्या वेगाने चालतं ती तीव्रता; कमी म्हणजे पकड घट्ट) मिलिमोलरमध्ये, ब्रॅडिकायनिनचा मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणून एवढंसं ब्रॅडिकायनिनही जागा अडवतं. ते संपलं की एन्झाइम मोकळं. आधी ठेवता तेव्हा सबस्ट्रेट पडण्याआधीच ते संपलेलं असतं.
पडताळा: 2, 5, 10, 20 मिनिटांना नमुने थांबवा आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ब्रॅडिकायनिनचं शिखर खाली येतं का बघा. शेजारी 1 मायक्रोमोलर कॅप्टोप्रिल (एसीईचं खरं इनहिबिटर औषध) लावा. त्याची घट आधी ठेवूनही टिकते.

प्रतिसाद 2
एएनपीचा निकाल अपेक्षितच. ते एसीईला हात लावत नाही. मूत्रपिंडातल्या जक्स्टाग्लोमेरुलर पेशींवरच्या रिसेप्टरमधून सीजीएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) वाढवून रेनिनचं (अँजिओटेन्सिनची साखळी सुरू करणारं एन्झाइम) स्रवण कमी करतं. अँजिओटेन्सिन 2 (एसीई तयार करतं ते हार्मोन) देखील रेनिनला आवरतं, पण स्वतःच्या एटी1 रिसेप्टरमधून. परीक्षानळीत पेशी नाही, मग परिणाम कुठून दिसणार?

धागाकर्ता
समजलं. फुप्फुसाऐवजी सीरम वापरलं तर?

प्रतिसाद 1
चालेल, पण ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं, धातू पकडणारं रसायन) नळीतलं रक्त नको. ईडीटीए एसीईचं झिंक ओढून घेतं आणि क्रिया शून्याजवळ जाते. शिवाय सीरममध्ये कार्बॉक्सिपेप्टिडेझ एन हे दुसरं एन्झाइम असतं, ते ब्रॅडिकायनिनचं टोकाचं आर्जिनिन काढतं. म्हणजे ब्रॅडिकायनिन संपलं, एवढ्यावरून ते एसीईने कापलं असं म्हणता येणार नाही. कॅप्टोप्रिल घालूनही जेवढं संपतं, तेवढं एसीईच्या खात्यातून वजा करा.

प्रतिसाद 3
ब्लँकमध्ये (क्रिया न होऊ दिलेली तुलनेची नळी) आम्ल एन्झाइमच्या आधी घालता ना? आणि इथाइल अ‍ॅसिटेट पूर्ण उडवा, राहिलं तर 228 ला तेच शोषण दाखवतं.