अनुभव सांगा : जुनी फियाट फटके (बॅकफायर) का मारते?

वडिलांची १९८६ची पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, मी अजून चालवतो. गेल्या पावसाळ्यानंतर कात्रजचा चढ लागला, गाडी गरम झाली की फाट्‌फाट् सुरू. तीन वेळा कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) खोलला, जेट म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं फुंकली, फ्लोट बघितला, फरक शून्य. शेवटी प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. करंट तोडणारे-जोडणारे सीबी पॉइंट काळेठिक्कर, एका बाजूला बारीक खड्डा, दुसऱ्या बाजूला तेवढीच गाठ. पॉइंटवरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर गेला होता. पॉइंट आणि कंडेन्सर बदलले, ठिणगीचं टायमिंग लावलं आणि गाडीचे फटके गप्प झाले. तेव्हापासून माझं ठाम मत आहे : आधी करंट बघा, मग पेट्रोल. तुमच्या गाडीचं काय झालं ते सविस्तर लिहा. फटका कार्बोरेटरमधून की सायलेन्सरमधून, हे आधी सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

नाशिक
आमची कार्बोरेटरमधूनच शिंकायची. पॉइंट, प्लग सगळं ठीक. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं, तर ते आत ओढलं गेलं आणि रनिंग बदललं! पॅकिंग फाटलं होतं. तिथून जादा हवा शिरली की मिक्श्चर पातळ होतं. ते सावकाश जळत राहतं आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडला की जाळ उलटा वर येतो. पॅकिंग बदलताना कार्बोरेटरचं बूडही काचेवर ठेवून बघा. नट जास्त आवळून ते वाकतं. आमचं वाकलेलंच होतं.

कोल्हापूर
सासऱ्यांची फियाट चार महिने उभी होती. काढली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की फट्ट आणि बंद. फ्लोटच्या वाटीत तळाला पांढरी भुकटी होती, मेन जेटमध्ये काळा रबराचा कण. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनी रबरी नळी त्यानं फुगून आतून सुटत होती. नळी इथेनॉल चालणारी घेतली. कृपा करून जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. हवेनंच साफ करा.

गिरगाव
बाबांची काळी-पिवळी होती. भर उन्हात सिग्नलला उभी राहिली की मिसिंग मारायची. इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर बाबा ओलं फडकं टाकायचे, पाच मिनिटांत चालू. उष्णतेनं पंपात पेट्रोलची वाफ धरलेली असायची. मे महिन्यात सीटखाली पाण्याची बाटली आणि ते फडकं ठरलेलं. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा मला ते फडकंच आठवलं.

सांगली
ट्यूनिंग करून आणली आणि घरापर्यंत फटाके. ३ आणि ४ नंबरच्या वायरींची अदलाबदल झाली होती. ठिणगीचा क्रम १-३-४-२. आता प्रत्येक वायरीला रंगीत टेप लावलीय.

सातारा
आमची फक्त उतारावर, पाय सोडला की सायलेन्सरमधून ठो! एक्झॉस्टचं पॅकिंग गळत होतं, तिथून आत हवा जायची. थंड इंजिनवर जोडाजवळ हात नेला तर फुस्स फुस्स वारा लागायचा.

आणखी एक. एअर फिल्टर काढून कोणी अ‍ॅक्सिलरेटर देत असेल, तर कार्बोरेटरवर वाकून बघू नका. माझ्या भावाच्या भुवया त्या एका फटक्यात गेल्या, डोळे वाचले. तेव्हापासून आमच्याकडे बॉनेट उघडलं की पायाशी ओलं पोतं असतं.